चौथी खुर्ची

चि. मुली,



तुझं पत्र पोचलं. जिल्हा कबड्डी स्पर्धेच्या प्रक्षेपणात बोलायला तुला बोलावलं आहे, आणि बोलावतानाच सांगितलं आहे की, ‘तू कॅमेऱ्यावर छान दिसतेस, खेळाबद्दल बोलायला दोघे जण आहेतच.’ तू स्वतः मैदानात उतरलेली मुलगी. चढाईपटूचा पाय कुठे अडकणार हे तुला त्याच्या खांद्यावरून कळतं, समोर सहा जण असताना बोनस रेषेचा हिशेब तू पंचांच्या आधी सांगतेस, आणि ज्या कारणासाठी तुला बोलावलं त्यात यातलं काहीच नाही. म्हणून तुला राग आला आहे. आणि राग आला असूनही जावंसं वाटतंय, याचाही राग आला आहे. ‘आजी, हो म्हणू की नाही?’ असं तू विचारलंस.

माझं उत्तर तयार आहे, पण ते नुसतं सांगून तुझं समाधान होणार नाही. त्याआधी एका बाईबद्दल तुला सांगायचं आहे. तिचं नाव जेन केनेडी. अमेरिकेतली कृष्णवर्णीय अभिनेत्री, आणि तिथल्या राष्ट्रीय वाहिनीवर खेळांच्या कार्यक्रमाची सूत्रं सांभाळणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून तिची नोंद होते. साल १९७८. तुझ्या पिढीला ती ठाऊक नसणं स्वाभाविक आहे. पण जिथे तिचं नाव निघतं तिथेही आधी तिच्या रूपाबद्दल बोलतात आणि मग कामाबद्दल, तेही वेळ उरला तर. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या क्रीडा पानासाठी काम केलं आणि ही गोष्ट मला फार वर्षं खटकत आली आहे.

जेनचा जन्म १९५१ चा, वॉशिंग्टन शहरातला. माहेरचं आडनाव हॅरिसन. ती वाढली ओहायो राज्यातल्या विक्लिफ गावात, क्लीव्हलँडच्या शेजारी. क्लीव्हलँड हे तेव्हा कारखान्यांचं, कामगारांचं शहर. १९६६ च्या उन्हाळ्यात तिथल्या हफ नावाच्या वस्तीत दंगल पेटली. पुढच्याच वर्षी त्याच शहरानं कार्ल स्टोक्स यांना महापौर म्हणून निवडलं, आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराला पहिल्यांदा कृष्णवर्णीय महापौर मिळाला. जाळपोळ आणि निवडणूक, दोन्ही एका वर्षाच्या अंतरात. जेन तेव्हा शाळेत होती. १९७० मध्ये ती ‘मिस ओहायो यूएसए’ झाली. त्या राज्याचा तो किताब मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय मुलगी. पुढे मिस यूएसए स्पर्धेत ती पहिल्या पंधरा जणींत पोचली.

सौंदर्यस्पर्धा म्हटल्यावर तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. ती राहू दे, पण जरा दोन वर्षं मागे चल. ७ सप्टेंबर १९६८, अटलांटिक सिटी. त्या दिवशी तिथे ‘मिस अमेरिका’ची, म्हणजे जेनच्या ‘मिस यूएसए’हून वेगळी, स्पर्धा होती. बाहेर समुद्रकाठच्या लाकडी पदपथावर स्त्रीमुक्तीवाल्या तरुणी निदर्शनं करत होत्या. बायकांना गुरांसारखं उभं करून निवडता, हे अपमानकारक आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याच शहरात, त्याच रात्री, थोड्याच अंतरावरच्या एका हॉटेलात आणखी एक स्पर्धा भरली होती, ‘मिस ब्लॅक अमेरिका’. तिचं म्हणणं अगदी वेगळं होतं. मिस अमेरिकेच्या नियमांत पूर्वी स्पर्धक गोऱ्या वंशाचीच हवी असं चक्क लिहिलेलं होतं. तो नियम गेल्यावरही मंचावर एकही कृष्णवर्णीय मुलगी दिसली नव्हती. आम्हाला सुंदर म्हणायलाही तुम्ही तयार नाही, हा त्यांचा आक्षेप.

मी या एका रात्रीचा पुष्कळ विचार केला आहे. एकीला रूपावरून निवडलं जाणं हा अपमान वाटतो, दुसरीला रूपाच्या मोजणीतूनही वगळलं जाणं हा अपमान वाटतो, आणि दोघींचंही खरं असतं. तुझ्या पत्रात जो गोंधळ आहे तो काही तुझ्या स्वभावाचा दोष नाही. तो जुना आहे, आणि शहाण्या बायकांना पडलेला आहे.

मिस अमेरिकेच्या मंचावर पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक आली ती सप्टेंबर १९७० मध्ये, आयोवा राज्याची शेरिल ब्राउन. त्या वर्षी जिंकली टेक्सासची फिलिस जॉर्ज. हे नाव लक्षात ठेव, आपल्याला ते पुढे लागणार आहे.

किताबानंतर जेन लग्न करून नवऱ्याबरोबर लॉस एंजेलिसला गेली. नवरा लिऑन आयझॅक केनेडी, आधी रेडिओवर गाणी लावणारा, पुढे नट आणि निर्माता. जेनला कामं मिळाली ती टीव्हीवरच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत. ‘लाफ-इन’मध्ये, मग डीन मार्टिनच्या शोमध्ये नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलींच्या चमूत. मालिकांमधून एखाद्या भागापुरती भूमिका, स्वस्तातले सिनेमे. त्या काळात कृष्णवर्णीय नटीला हॉलीवूडमध्ये भूमिका मोजक्याच, आणि त्यातही नाव लक्षात राहील अशा त्याहून कमी. ही सात-आठ वर्षं मी भराभर सांगून टाकते आहे. पण दिव्यांखाली उभं राहणं, कॅमेरा कुठे आहे याचं भान ठेवणं, ओळ चुकली तरी चेहऱ्यावर न दाखवणं हे तिनं याच वर्षांत कमावलं. लोक त्याला ‘नुसतं दिसणं’ म्हणतात. जो कधी थेट प्रक्षेपणात उभा राहिला आहे तो तसं म्हणणार नाही.

आता १९७८. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो हातात चेंडू घेऊन धावण्याचा, अंगावर धडकण्याचा खेळ, आणि रविवारची दुपार त्याच्या मालकीची. त्या वर्षी लीगचे सामने वाढले, प्रत्येक संघाला चौदाऐवजी सोळा मिळाले. सीबीएस वाहिनीवर सामन्यांच्या आधी ‘द एनएफएल टुडे’ हा कार्यक्रम लागायचा, १९७५ पासून. न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून थेट. देशभरातल्या मैदानांवरची हवा, जखमी खेळाडूंची खबर, मुलाखती, मग मध्यंतरात इतर शहरांतल्या सामन्यांचे क्षण. आज प्रत्येक खेळाच्या आधी जे टेबल मांडून चार जण बसलेले दिसतात ना, त्याचा घाट मुख्यतः इथे घडला.

त्या टेबलाशी कोण बसायचं ते बघ. मधोमध ब्रेंट मसबर्गर, शिकागोच्या वर्तमानपत्रातून आलेला क्रीडा पत्रकार. त्याच्याबरोबर अर्व क्रॉस, फिलाडेल्फिया ईगल्सकडून खेळलेला बचावपटू. राष्ट्रीय टीव्हीवर पूर्ण वेळ क्रीडा विश्लेषक म्हणून बसणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस तोच. शांत, नेमकं बोलणारा. तिसरा जिमी स्नायडर, ‘जिमी द ग्रीक’ या नावानं ओळखला जाणारा. तो लास व्हेगासचा, सट्ट्याचे भाव काढण्यात नाव कमावलेला. आणि चौथ्या खुर्चीवर फिलिस जॉर्ज, तीच १९७० ची विजेती. तिनं १९७८ मध्ये कार्यक्रम सोडला आणि त्या खुर्चीवर सीबीएसनं जेन केनेडीला आणलं.

यातला एक जण पत्रकार, एक जण खेळाडू, एक जण सट्ट्याचा जाणकार. स्नायडरला ‘तू कुठल्या संघाकडून खेळलास?’ असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. सट्टा कळतो म्हणजे खेळ कळतो, हे गृहीतच होतं. चौथी खुर्ची मात्र आधीपासूनच ‘सुंदर बाईची खुर्ची’ म्हणून आखलेली. फिलिस तिथे बसली तेव्हाही, जेन बसली तेव्हाही. फरक इतकाच की जेन बसली तेव्हा त्या खुर्चीकडे बघणाऱ्या डोळ्यांत आणखी एक प्रश्न मिसळला, तो रंगाचा. एका टेबलाशी आता दोन कृष्णवर्णीय माणसं होती.

तिचं काम काय होतं? खेळाडूंच्या मुलाखती, मैदानाबाहेरच्या त्यांच्या आयुष्यावरच्या छोट्या चित्रफिती, आणि स्टुडिओत इतर तिघांबरोबर संवाद. सोपं वाटतं ना? थेट कार्यक्रमात तुझ्या कानात एक यंत्र असतं आणि त्यातून निर्माता बोलत असतो: वीस सेकंद, दहा, गुंडाळ. त्याच वेळी तू तोंडानं वाक्य बोलत असतेस, समोरचा काय म्हणतोय ते ऐकत असतेस, आणि एखाद्या शहरातून चित्रफीत आलीच नाही तर ती पोकळी भरायची तयारीही मनात ठेवायची असते. हे जिला दोन मोसम, दर रविवारी, कोट्यवधी लोकांसमोर जमलं, तिला खेळातली ‘शोभा’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

आणि आणखी एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण ती त्याच महिन्यातली आहे. जेन त्या खुर्चीवर बसली सप्टेंबर १९७८ मध्ये. २५ सप्टेंबर १९७८ ला न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात एका खटल्याचा निकाल लागला. मेलिसा लुडके नावाची ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाची तरुण बेसबॉल वार्ताहर. १९७७ च्या अंतिम मालिकेत तिला खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीत, लॉकर रूममध्ये, जाऊ दिलं नाही. तुला वाटेल, न का जाईना! पण सामना संपल्यावर खेळाडू बोलायचे ते तिथेच. पुरुष वार्ताहर आत जाऊन ताज्या प्रतिक्रिया टिपायचे, आणि ही बाहेरच्या बोळात उभी राहून कुणीतरी येईल याची वाट बघायची. आत जाणं हे चोचले नव्हते, पोटाचा धंदा होता. साप्ताहिकाच्या मालक कंपनीनं आणि तिनं बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांच्यावर दावा लावला, आणि ती जिंकली. यांकी स्टेडियम शहराच्या मालकीचं, म्हणजे सार्वजनिक जागा. तिथे स्त्री म्हणून वार्ताहराला अडवणं हे राज्यघटनेनं दिलेल्या समान संरक्षणाच्या विरुद्ध आहे, असा निकाल.

निकाल कुणी दिला? न्यायमूर्ती कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी. संघराज्य न्यायालयात न्यायाधीश झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्याआधी वकील म्हणून त्यांनी शाळांमधल्या वंशभेदाविरुद्धच्या ‘ब्राउन’ खटल्याच्या मूळ दाव्याचा मसुदा केला होता, आणि जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठाचं दार उघडून देण्यासाठी त्याच झगडल्या होत्या. शाळेच्या दारापासून लॉकर रूमच्या दारापर्यंत एकाच बाईनं कायदा चालत नेला.

तेव्हा त्या एका महिन्यात अमेरिकेच्या खेळाच्या जगात दोन कृष्णवर्णीय बायका दिसतात. एक न्यायासनावर, एक टीव्हीवर. पहिलीच्या हातात कायदा होता, म्हणून तिचं काम टिकून राहिलं. निकाल कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. दुसरीच्या हातात वाहिनीचा करार होता. करार संपतो. मला वाटतं, जेनच्या गोष्टीतली खरी मेख इथे आहे. तिला आत घेताना जी फूटपट्टी लावली होती ती वाहिनीच्या हातातच राहिली, आणि हवी तेव्हा पुन्हा लावता येत होती.

१९८० मध्ये जेन एनबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीच्या ‘स्पीक अप, अमेरिका’ या कार्यक्रमात सूत्रसंचालक म्हणून दिसली. त्याच वर्षी सीबीएसचं आणि तिचं नातं संपलं, आणि चौथ्या खुर्चीवर परत फिलिस जॉर्ज आली. फिलिसबद्दल माझ्या मनात काहीच वाकडं नाही; तिनंही त्या खुर्चीवर टोमणे खाल्लेच असणार. पण बघ, खुर्ची एका सौंदर्यसम्राज्ञीकडून दुसरीकडे गेली आणि पुन्हा पहिलीकडे आली. जणू त्या जागेला माणूस बदलल्याचा काही फरकच पडत नव्हता.

उलट जिमी स्नायडर तिथेच राहिला. १९७६ पासून १९८८ पर्यंत, बारा वर्षं. जानेवारी १९८८ मध्ये, मार्टिन लूथर किंग यांच्या जयंतीच्या सुमारास, वॉशिंग्टनमधल्या एका उपाहारगृहात टीव्हीच्या वार्ताहरापुढे तो बोलला की कृष्णवर्णीय खेळाडू सरस असतात कारण गुलामगिरीच्या काळात मालकांनी त्यांची तशी पैदास केली. आणि प्रशिक्षकाच्या जागाही त्यांच्याकडे गेल्या तर गोऱ्यांना काही उरणार नाही. दुसऱ्याच दिवशी सीबीएसनं त्याला काढलं. काढलं हे बरंच झालं. पण मी ते वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, असे विचार बाळगणारा माणूस त्या टेबलाशी बारा वर्षं जाणकार म्हणून बसू शकला, अर्व क्रॉस त्याच्या शेजारी बसून सभ्यपणे खेळ समजावत राहिला, आणि जेन केनेडीला मात्र दोनच मोसम मिळाले. खेळ कुणाला कळतो, हे ठरवणाऱ्यांना नेमकं काय कळत होतं?

जेन घरी बसली नाही. १९८१ मध्ये ‘बॉडी अँड सोल’ हा मुष्टियुद्धावरचा सिनेमा आला. नायक तिचा नवरा, ती नायिका, आणि त्यात खुद्द मुहम्मद अली स्वतःच्याच भूमिकेत. त्या कामाबद्दल तिला एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या हक्कसंघटनेचा ‘इमेज अवॉर्ड’ मिळाला. ‘ग्रेटेस्ट स्पोर्ट्स लेजंड्स’ या मालिकेचं सूत्रसंचालन तिनं केलं, म्हणजे खेळाच्या गप्पांपासून तिला कायमचं दूर करता आलं नाही. घरच्या घरी व्यायाम शिकवणाऱ्या कार्यक्रमांची लाट आली तेव्हा ‘लव्ह युअर बॉडी’ नावानं तिनं आपला कार्यक्रम काढला. १९८२ मध्ये घटस्फोट, १९८५ मध्ये बिल ओव्हरटन यांच्याशी लग्न, मग मुली. आणि एंडोमेट्रिओसिस या दुखण्याबद्दल ती उघडपणे बोलली. पाळीच्या वेदना हे बाईनं सोसायचंच असतं, अशी समजूत तिथेही होती. ज्या शरीराच्या कौतुकावर लोकांनी तिची ओळख बेतली, त्याच शरीराच्या दुखण्याबद्दल तिनं चारचौघांत बोलणं, हे मला तिच्या कुठल्याही किताबापेक्षा मोठं वाटतं.

तिच्यानंतर काय झालं, तेही ऐक. रॉबिन रॉबर्ट्स. वडील टस्कीगी एअरमन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय वैमानिकांच्या पथकातले. मुलगी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पास क्रिश्चन गावात वाढली, लुईझियानातल्या विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळली, हजारावर गुण आणि हजारावर रिबाउंड नावावर. १९८३ मध्ये पदवी घेऊन ती हॅटिसबर्ग या छोट्या शहराच्या टीव्ही केंद्रावर अर्धवेळ, तुटपुंज्या पगारावर खेळाच्या बातम्या सांगायला लागली. मग बिलॉक्सी, नॅशव्हिल, अटलांटा, आणि १९९० मध्ये ईएसपीएन. एकेक शहर, एकेक पायरी. पुढे ती एबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमाची सहसूत्रधार झाली. २००५ च्या चक्रीवादळात तिचं लहानपणीचं गाव उद्ध्वस्त झालं तेव्हा ती तिथून बातमी देत होती, आणि आईच्या खुशालीचा प्रश्न आला तेव्हा कॅमेऱ्यासमोर तिला रडू कोसळलं. आधी स्तनाचा कर्करोग, मग २०१२ मध्ये रक्ताचा गंभीर आजार. बहिणीनं अस्थिमज्जा दिली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये रॉबिन पुन्हा कामावर.

रॉबिनचा रस्ता खेळातून आला, जेनचा रूपातून. तुला रॉबिनचा रस्ता जास्त प्रतिष्ठेचा वाटेल, आणि तुझ्या अंगी तो आहेही. पण म्हणून जेनला कमी लेखू नकोस. रॉबिन शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती तेव्हा जेन त्या खुर्चीवर बसत होती. कृष्णवर्णीय बाई रविवारी खेळाबद्दल बोलते आहे, हे दृश्य त्या देशाच्या नजरेला एकदा कुणीतरी घडवून द्यायचंच होतं.

खेळातून आलं म्हणून फूटपट्टी सुटते असंही नाही. पॅम ऑलिव्हर ही विद्यापीठातली नामांकित धावपटू. १९९५ पासून फॉक्स वाहिनीसाठी फुटबॉलच्या सीमारेषेवरून वार्तांकन करणारी. तिच्या कामापेक्षा तिच्या केसांवर लोकांनी जास्त शेरे मारले. २०१४ मध्ये वाहिनीनं तिला पहिल्या फळीच्या चमूतून हलवून तिथे वयानं लहान, गोरी वार्ताहर आणली. पॅमनं त्यावर उघडपणे लिहिलं आणि काम चालू ठेवलं. आणि २०२२ मध्ये मरिया टेलर ही एनबीसीच्या ‘फुटबॉल नाइट इन अमेरिका’ची मुख्य सूत्रधार झाली, तो कार्यक्रम पूर्ण वेळ चालवणारी पहिली स्त्री. म्हणजे टेबलाच्या मधोमधची, मसबर्गरची असते तशी खुर्ची. जेनच्या चौथ्या खुर्चीपासून मधल्या खुर्चीपर्यंत यायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

आपल्याकडचंही एक नाव तुला माहीत असलेलं बरं. जेनच्या एक वर्ष आधी, १९७७ मध्ये, इंदूरला मुंबई आणि एमसीसी यांचा सामना झाला, त्याचं धावतं वर्णन चंद्रा नायडू यांनी केलं. भारतातल्या पहिल्या स्त्री क्रिकेट समालोचक म्हणून त्यांचंच नाव घेतात. नागपूरला जन्मलेल्या कर्नल सी. के. नायडूंची ही कन्या, इंग्रजीच्या प्राध्यापिका. आम्ही तेव्हा रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी वर्णन कान देऊन ऐकायचो. मैदान डोळ्यांसमोर उभं करायची विद्या त्या माणसाकडे होती. रेडिओवर चेहरा नसतो. तरीही तिथे बायका किती आल्या? म्हणजे अडचण नुसत्या चेहऱ्याची कधीच नव्हती. बाईच्या आवाजात खेळाचं ज्ञान ऐकायची सवय कानांना लावायला कुणी तयार नव्हतं.

आता तुझा प्रश्न. माझं म्हणणं, जा. ज्यांनी तुला चेहऱ्यासाठी बोलावलं त्यांचं कारण त्यांच्यापाशी राहू दे, ते तू आपल्या डोक्यावर घेऊ नकोस. पण जाण्याआधी चार गोष्टी बोलून घे, आणि शक्य तर लिहून घे. तुला फक्त सुरुवातीचा नमस्कार आणि बक्षीस समारंभ देणार, की सामन्यात बोलायला देणार? निदान एका सत्राचं वर्णन तुझं असेल, असं मागून घे. त्या दोघांना जे मानधन तेच तुलाही. पडद्यावर तिघांची नावं एकाच आकारात, आणि तुझ्या नावापुढे ‘समालोचक’. संकोच करू नकोस. आपल्याकडे मुलीनं पैशांचं आणि नावाचं विचारलं की ‘फार शिष्ट आहे’ म्हणतात. म्हणू दे. आणि समारंभापुरतीच उभी राहा म्हणाले, सामन्यात एक वाक्यही नाही म्हणाले, तर खुशाल नाही म्हण. तिथे गमावण्यासारखं काही नाही.

मिळालं तर मग अभ्यास. प्रत्येक संघाच्या चढाईपटूंची नावं त्यांच्याच तोंडून उच्चारून घे. गावोगावची आडनावं कागदावर वेगळी आणि तोंडात वेगळी असतात. उजव्या कोपऱ्यावर कोण, डाव्यावर कोण, कोणाची घोट्याची पकड पक्की, कोण साखळीत उशिरा हलतो, हे वहीत लिहून ठेव. जुन्या सामन्यांचा आवाज बंद करून स्वतः बोलून बघ. चढाई तीस सेकंदांची असते, तेवढ्यात काय सांगायचं आणि काय सोडायचं हे जिभेला कळायला हवं. लोण चढला त्या क्षणी गप्प राहून प्रेक्षकांचा आवाज ऐकू देणं हेही समालोचनच आहे. ते दोघे तुला मध्येच तोडतील. हसून गप्प बसू नकोस, वाक्य पुरं कर, त्याच आवाजात.

साडी नेसायची की टी-शर्ट घालायचा, केस मोकळे की बांधलेले, असंही तू खाली लिहिलं आहेस. तुला ज्यात चार तास बसून बोलता येईल ते घाल. छान दिसावंसं वाटलं तर छान दिस. त्यात कमीपणा नाही.

वेळापत्रक लागलं की लगेच कळव. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग मला पाठव, काटछाट न करता. एखादं नाव चुकलं असेल, एखादा गुण मोजायचा राहिला असेल, तर तो भाग मुद्दाम राहू दे. चुकल्यानंतरच्या पुढच्या चढाईला तू कशी उभी राहिलीस, ते मला ऐकायचं आहे.

तुझी,
आजी